बेनेटबाईंच्या पोरी आमच्या गल्लीत

यंदा गणपतीत बेळगावातल्या आमच्या गल्लीचं नाटक मी लिहितो असं बोलून गेलो, तिथंच माती खाल्ली. जेन ऑस्टेनची इंग्रजी कादंबरी 'प्राइड अँड प्रेज्युडिस', 1813 ची, 61 प्रकरणं, आणि मंडळाकडनं मिळालेला टाइम दीड तास, त्यात मध्ये आरती.

बेनेटांच्या मुली पाच. आमच्याकडं काम करायला तयार तिघी. मिसेस बेनेट व्हायला मात्र चार काकू हजर, कारण त्यात आरडाओरडा भरपूर. शेवटी मेरी आणि किटीला खानापूरला मामाकडं पाठवलं, त्या पडदा पडेपर्यंत काय परत येत नाहीत.

मुलगा नाही म्हणून बेनेटांचं घर भावकीतल्या कॉलिन्सला जाणार, यावर तर सगळी गोष्ट उभी. वकीलकाकू बशीतला चहा फुंकत म्हणाल्या, "असं कसं चालंल रे, कर्नाटकात 1994 लाच पोरींना वडिलार्जितात वाटा मिळालाय की." झालं. नाटक उचलून 1975 सालात नेलं. ड्रेपरीवाला तेवढा खूश, त्याच्याकडं बेलबॉटम पडून होत्या.

गोष्टीतला श्रीमंत नायक डार्सी, त्याचं उत्पन्न वर्षाला 10,000 पौंड. खजिनदार म्हणाले पौंड राहू दे, ऊस किती एकर ते सांग. चिकोडीकडं 200 एकर लिहिलं. परत वकीलकाकू. "सीलिंगमध्ये जाईल बघ, मर्यादेपेक्षा जास्तीची जमीन सरकार घेतंय." आता डार्सीचा एकर कुणी विचारत नाही, तो नुसता मिशीवरनं हात फिरवतो.

विकहॅमचं मला टेन्शनच नव्हतं. मूळ कादंबरीत तो मिलिशियातला ऑफिसर, गोड बोलून धाकट्या लिडियाला पळवणारा, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर तर आपल्या बेळगावातच, म्हणजे आयतंच जमलं असं मी मोठ्यानं म्हटलं आणि मागच्या खुर्चीवरनं रिटायर सुभेदार आण्णा उठले. "आमच्या पलटणीतला माणूस पोरगी पळवतोय होय? लिही की. लिहूनच बघ." नाही लिहिलं. विकहॅम आता भिशी चालवतो.

एका प्रवेशावर मात्र मी अडून बसलो होतो. थोरली बहीण जेन डार्सीच्या मित्राकडं, बिंग्लीकडं, आजारी पडते, तिला बघायला नायिका एलिझाबेथ तीन मैल चिखलातनं चालत जाते, परकराला सहा इंच चिखल, आणि तिथल्या बायका नाकं मुरडतात. परवा धो धो पावसात आमची एलिझाबेथ अनगोळहून तालमीला आली, रिक्षा मिळाली नाही म्हणून चालत, सलवार गुडघ्यापर्यंत लालभडक. मी ओरडलोच, "अश्शीच एन्ट्री घे!" तेवढ्यात मंडपवाला धावत आला, "ओ, कार्पेट भाड्याचं हाय!"

आता आमची एलिझाबेथ बाहेरच्या नळावर पाय धुऊन मगच बिंग्लीच्या बंगल्यात शिरते.