दमा आहे म्हणून सगळंच दम्यावर ढकलू नका

दमा असलेल्या माणसाने दुसरी कुठलीही तक्रार सांगितली की ठरलेली दोन उत्तरं मिळतात. "दमा आहे ना तुम्हाला, मग हे होणारच." नाहीतर, "टेन्शन घेता का फार?" गेली काही वर्षं मी ही दोन्ही उत्तरं ऐकत आलेय. आज त्यावर मोठं लिहितेय, कारण दम्याच्या जोडीला भलतंसलतं काहीतरी घेऊन फिरणारे आणि रिपोर्ट नॉर्मल म्हणून गप्प बसवले गेलेले माझ्यासारखे बरेच जण आहेत.

माझा दमा जुना. पंप, घरघर, रात्री उठून बसणं सगळं अंगवळणी पडलेलं. पण हळूहळू त्यात भर पडत गेली. आधी नाक. कायम चोंदलेलं, वास येणं जवळजवळ बंद, तपासल्यावर आत मांस वाढलेलं. मग थकवा, अंग मोडून यावं तसे सांधे दुखणं, काही न करता उतरत चाललेलं वजन. मधूनच पोटऱ्यांवर बारीक जांभळट ठिपके उठायचे, बोटाने दाबले तरी फिके न पडणारे. मग डाव्या पायाला मुंग्या आल्या आणि तिथला काही भाग बधिर झाला. एकदा चालताना चप्पल पायातून निसटून मागे राहिली आणि चार पावलं पुढे गेले तरी मला पत्ता नव्हता. त्या दिवशी मी खरी घाबरले.

नाकासाठी एक डॉक्टर, त्वचेसाठी दुसरे, सांध्यांसाठी तिसरे. मुंग्यांसाठी जीवनसत्त्वाच्या गोळ्या. कुणी हलगर्जीपणा केला असं मी म्हणणार नाही. ज्याने त्याने आपापला अवयव नीटच तपासला. पण नाक, कातडी, पाय आणि फुप्फुसं एकाच बाईची आहेत, हे कुठल्याच केसपेपरवर लिहिलेलं नव्हतं. आणि कुठल्याच खान्यात काही बसेना तेव्हा टेन्शनचा शिक्का तयार होता.

मग एका फिजिशियन बाईंनी माझी फाईल टेबलावर पसरली. रक्ताच्या प्रत्येक रिपोर्टमधल्या इओसिनोफिल्सच्या आकड्याशेजारी त्यांनी पेन्सिलीने एकच गोष्ट लिहिली: त्या तारखेला मी स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होते का. जवळजवळ सगळे नॉर्मल आकडे गोळ्या चालू असतानाचे निघाले. दम्याचा जोर वाढला की गोळ्यांचा कोर्स सुरू व्हायचा आणि त्याच गडबडीत रक्त काढलं जायचं. गोळ्या चालू नसतानाचा एक जुना रिपोर्ट होता, त्यात आकडा चांगलाच वर होता, पण दम्यात ऍलर्जीमुळे वाढतातच म्हणून तो सोडून दिलेला.

इओसिनोफिल्स म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. रक्ताच्या एका मायक्रोलीटरमध्ये त्या साधारण 500 पर्यंत असतात. ऍलर्जीत थोड्या वाढतात हे खरंच. पण हजाराच्या वर गेल्या आणि जोडीला दमा, नाकातलं मांस, नसांचा त्रास, अंगावर ठिपके असं असेल, तर रक्तवाहिन्यांच्या सुजेच्या एका दुर्मीळ आजाराचा विचार करावाच लागतो. 1951 मध्ये जेकब चर्ग आणि लोटे स्ट्रॉस या पॅथॉलॉजिस्टनी त्याचं वर्णन केलं, म्हणून कित्येक वर्षं तो त्यांच्याच नावाने ओळखला जायचा. आता त्याला ईजीपीए म्हणतात. त्यात बऱ्याचदा दमा आधी येतो आणि बाकीची लक्षणं कित्येक वर्षांनी. म्हणूनच तो दम्याच्या आड लपतो. ॲन्का नावाची रक्ततपासणी निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये निगेटिव्ह येते, त्यामुळे ती निगेटिव्ह आली म्हणून विषय संपत नाही. आणि स्टेरॉइडच्या गोळ्या इओसिनोफिल्स फार लवकर खाली आणतात, म्हणजे दम्याच्या उपचारानेच पुरावा झाकला जातो.

मला तोच आजार आहे असं अजून कुणी सांगितलेलं नाही. नसांची तपासणी आणि हृदयाची इको होतेय, ठिपक्यांची बायप्सी व्हायची आहे. कदाचित वेगळंच काही निघेल. माझं म्हणणं एवढंच की हा प्रश्न फार आधी विचारला जायला हवा होता.

दुसऱ्या शक्यताही आहेत. ॲस्परजिलस बुरशीच्या ऍलर्जीने दमा आटोक्याबाहेर जातो आणि तपकिरी घट्ट बेडके पडतात. क्षयरोग जास्त असलेल्या भागात अशा पेशंटला कधीकधी चुकून क्षयाची औषधं दिली जातात. काहींना दमा, नाकातलं मांस आणि ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकांचं वावडं हे तिन्ही एकत्र असतं. काहींचा श्वास अडतो तो स्वरयंत्रापाशी, आणि त्यांचे पंप उगाच वाढत जातात.

आणि औषधं! हे कुणी सांगतच नाही. पंपातलं साल्ब्युटामॉल जास्त झालं की हात थरथरतात, छाती धडधडते, पोटॅशियम कमी होऊन पायात गोळे येऊ शकतात. मॉन्टेलुकास्ट या दम्याच्या गोळीमुळे काहींना वाईट स्वप्नं, चिडचिड, नैराश्य येतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या की मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी मंदावतात, मग गोळ्या कमी करताना गळून जायला होतं, मळमळतं, चक्कर येते. अशी थकलेली बाई "टेन्शनवाली" कशी ठरते? म्हणून या गोळ्या रिपोर्टसाठी असो वा कशासाठी, स्वतःच्या मनाने कधीही एकदम बंद करू नका. जिवावर बेतू शकतं.

चिंतेने श्वास लागतो, बोटांना मुंग्या येतात, हे मला मान्य आहे, आणि त्या माणसालाही नीट उपचार मिळायला हवेत. पण ते निदान लक्षणं जुळतात म्हणून व्हावं. डॉक्टरांना दुसरं काही सुचलं नाही म्हणून नव्हे.

ज्यांचं असं चाललंय त्यांनी एक कागद करा. तारीख, काय झालं, तेव्हा कुठली औषधं चालू होती. प्रत्येक डॉक्टरसमोर तोच कागद ठेवा, आणि सगळं एकत्र बघणारा एक फिजिशियन किंवा ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (संधिवाताचा डॉक्टर) धरा. पाऊल अचानक उचलेनासं झालं, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर कागदबिगद राहू दे, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आणि ही पोस्ट वाचणाऱ्या डॉक्टरांना हात जोडून विनंती. मोठ्या वयात बळावलेल्या दम्याचा पेशंट आला तर नाकाबद्दल विचारा, पायांच्या मुंग्यांबद्दल विचारा, आणि इओसिनोफिल्सचा आकडा वाचताना तो स्टेरॉइडवर असतानाचा आहे का, तेवढं बघा.