एप्रिल-मेचा हिशेब वेगळाच धरा

‘लाईट-पाण्यासाठी भाड्याच्या दहा टक्के रक्कम दर महिन्याला बाजूला ठेवा’ हा भाड्याच्या घराच्या खर्चावरच्या लेखातला सल्ला आमच्या विदर्भात चालत नाही. दारव्ह्याला भाड्याने राहतो. इथे थंडीतलं बिल आणि मे महिन्यातलं बिल यांचा एकमेकांशी काही संबंधच नसतो. दोनशे वॅटचा कूलर बारा तास चालला की दिवसाला जवळपास अडीच युनिट, म्हणजे महिन्याला सत्तरच्या वर एकट्या कूलरचे. त्यात पंखे, फ्रिज. शंभर युनिटच्या पुढचा दर बराच चढा असतो, आणि कूलरच्या टाकीला पाणी लागतं ते वेगळंच!

लेखात मुख्य गोष्टच सुटली आहे: मीटर कोणाचं? घरमालक आणि दोन भाडेकरू एकाच मीटरवर असले की प्रत्येकाचा वापर शंभरच्या आत असूनही एकत्र बिल वरच्या टप्प्यात जातं. आमच्या आधीच्या घरी सबमीटर (मुख्य मीटरच्या पुढे प्रत्येक भाडेकरूचा वापर वेगळा मोजणारं छोटं मीटर) होतं, पण मालक सगळ्या युनिटांना वरचाच दर लावायचे. म्हणून सामान उतरवायच्या आधी स्वतंत्र मीटर आहे का ते विचारा. सबमीटर असेल तर दर करारात लिहून घ्या आणि त्याच दिवशी रीडिंगचा फोटो काढून मालकांना पाठवा.