वस्तादांचा पान नंबर

पीएच.डी. करताय? ती पण कोल्हापूरच्या तालमींवर? मग माझं ऐका, आधी संदर्भसूची उरकून घ्या. संशोधन काय, नंतर पण होतंय.

पहिलं म्हणजे जिवंत माणसाशी बोलू नका. माणसाला पान नंबर नसतो. मी ही चूक केली. वस्तादांपुढं कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला तीन दिवस पहाटे जाऊन बसलो. पोरं जोर मारत होती, मातीत ताक, हळद, लिंबू कालवणं चाललेलं आणि वस्ताद सांगत होते माती कधी मरते, ती हाताला कशी कळते. हे कुठल्या पुस्तकात नाही, म्हणून तर गेलो होतो! प्रबंध परत आला. समासात लाल पेनानं : 'पृष्ठ क्र.? प्रकाशक? आवृत्ती?' आवृत्ती! वस्तादांची सुधारित आवृत्ती म्हणजे त्यांचा नातू, तो पुण्यात आयटीत आहे. त्याला मातीचं विचारू? तर तुम्ही वस्तादांना आधीच सांगून ठेवा, प्रत्येक वाक्याआधी पान नंबर म्हणायचा. शेवटी आयएसबीएन.

तालमीतल्या रंगवलेल्या फलकाचा लेखक म्हणून पेंटरचं नाव टाका. खाली असतंयच, मोबाईल नंबरासकट.

वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा दगड, टाळा. लेखक नाही, तारीख नाही, आणि वीर सही द्यायला येणार नाही.

मोडी कागदाला रुमाल क्रमांक, म्हणजे दप्तरखान्यात तो ज्या कापडी गठ्ठ्यात बांधलाय त्याचा नंबर, लिहू नका. "हातरुमाल का?" असं विचारतात. विचारलंय.

व्हॉट्सॲप फॉरवर्ड बिनधास्त घ्या. फक्त तो मजकूर गुगलवर टाकून पहिली येईल ती लिंक सूचीत चिकटवा. उघडली नाही तरी चालतंय, निळी दिसली की झालं.

कुस्तीचं खासबाग मैदान १९१२ चं, याला विकिपीडिया चालत नाही. विकिपीडियावरनं उतरवलेलं पुस्तक चालतं.

आता प्रबंध तपासणाऱ्यांशी सरळच बोलतो. संदर्भ कसे द्यायचे म्हटलं की उठसूट एपीए, एपीए करता ना? मग त्या नियमपुस्तकाची २०१९ ची सातवी आवृत्ती एकदा उघडा तरी! आपण स्वतः घेतलेली, वाचकाला दुसरीकडं मिळणार नाही अशी मुलाखत त्यात सूचीत घालतच नाहीत, मजकुरातच सांगतात. एमएलए ही संदर्भ द्यायची दुसरी पद्धत, तिच्यात सूचीत घालतात, तिथं बोलणाऱ्याचं नाव, मुलाखत कुणी घेतली आणि तारीख एवढ्यावर भागतं. पान नंबर दोन्हीकडं मागत नाहीत. कसा मागतील? तुम्ही कुणाच्या तरी जुन्या टिपणाची झेरॉक्स धरून बसलाय, तिच्यातला अर्धा मजकूर मशीननं खाल्लाय, आणि तेवढ्यावर पोरांची वर्षं खाताय. माझे चार महिने गेले. बाइंडिंग दोनदा केलं. स्वतः न वाचता दुसऱ्याच्या कागदावर लाल रेघा मारायला लाज वाटत नाही?

परवा महाद्वार रोडला वस्ताद भेटले. "झालं का रं तुझं पुस्तक?"

म्हटलं, "तुमचा पान नंबर मिळंना."

माझ्या तोंडाकडंच बघत राहिले.