कॉमेंटेटर, जरा गप्प बसा की!

काल रात्री मॅच बघताना वैतागून शेवटी आवाजच बंद केला. गोलकीपर बॉल खाली ठेवतोय हे मला दिसतंय, आणि कॉमेंटेटर तेच सांगतोय. वर त्याच्या पासेसची टक्केवारी. अरे बाबा, डोळे आहेत मला!

माझं ठाम मत आहे, टीव्हीवर बोलायला बसवण्याआधी प्रत्येकाला चार वर्षं रेडिओवर घासून घ्यावं.

२२ जानेवारी १९२७ ला बीबीसीनं फुटबॉल लीगचा सामना पहिल्यांदा रेडिओवरून ऐकवला. आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड, १-१. माइकसमोर टेडी वेकलम, मूळचा रग्बीपटू. ‘रेडिओ टाइम्स’मध्ये मैदानाचा ८ चौकोनांचा नकाशा छापला होता आणि बॉल ज्या चौकोनात जाईल त्याचा नंबर दुसरा माणूस पुकारायचा. आज हसू येतं, पण रेडिओचं निम्मं काम त्यातच आलं. बॉल कुठे, कोणाकडे, आणि स्कोअर काय. स्कोअर तर पुन्हा पुन्हा, कारण कोणीतरी आत्ताच रेडिओ लावलेला असतो.

हाच माणूस टीव्हीवर गेला की यातलं बरंचसं विसरावं लागतं. चित्र सांगतंय ते सांगायचं नाही. मग उरतं काय? नाव, नेमका क्षण आणि तोंड मिटायची अक्कल.

बीबीसी टीव्हीचा कॉमेंटेटर केनेथ वोल्स्टनहोम बघा, महायुद्धात बॉम्बर विमानं उडवलेला गडी. १९६६ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये इंग्लंडचा हर्स्ट बॉल घेऊन सुटलाय आणि हा म्हणतो, काही लोक मैदानात आलेत, त्यांना वाटतंय संपलं सगळं... तेवढ्यात गोल. आता संपलं! बस्स.

जॉन मॉटसन आधी वर्तमानपत्रात बातमीदार, मग रेडिओ, १९७१ मध्ये टीव्ही. पुढच्याच वर्षी या नवख्याला हेरफर्ड-न्यूकॅसल सामन्याला धाडलं. छोटासाच तुकडा दाखवायचा बेत होता. लीगबाहेरच्या हेरफर्डच्या रॅडफर्डनं चिखलातून लांबवरून असला काही गोल हाणून बरोबरी साधली, की शेवटी मोठा संघ हरला आणि मॉटसनचं नशीब उघडलं. पुढे २०१८ पर्यंत हा माणूस माइकवर! नशीब होतंच, पण तयारीही होती. (त्याच्या आकडेवारीच्या हौसेला लोक हसायचे, मीही हसलोय. पण तो ती जपून वापरायचा.)

अर्जेंटिनाच्या रेडिओवरचा व्हिक्टर ह्यूगो मोरालेस मात्र वेगळं प्रकरण. १९८६ च्या वर्ल्ड कपमध्ये मॅराडोना अर्ध्या मैदानातून इंग्लंडला गुंडाळत गेला, तेव्हा हा रेडिओवर रडत रडत देवाचे आभार मानत होता. तो गोल मी त्याच्याच आवाजात ऐकतो. अंगावर काटा येतो. पण दर शनिवारी टीव्हीवर त्याची नक्कल करणाऱ्यांनी माफ करावं. तसा गोल रोज होत नाही.

आणि माझा सगळ्यात लाडका जर्मन रेडिओवरचा हर्बर्ट झिमरमान. ४ जुलै १९५४, बर्न, वर्ल्ड कप फायनल. ८४ व्या मिनिटाला पश्चिम जर्मनीच्या रानचा हंगेरीवर गोल. झिमरमान ‘टोर! टोर! टोर! टोर!’ (म्हणजे गोल) ओरडला आणि मग काही सेकंद चक्क गप्प. रेडिओवर! जिथे आवाज गेला की लोक बटण फिरवायला लागतात. आजही तो गोल दाखवतात तेव्हा चित्राखाली आवाज असतो झिमरमानचा, रेडिओवरचा.

उद्या टीव्ही मुका ठेवून शेजारी रेडिओ लावणार आहे. टीव्ही काही सेकंद मागे असतो, म्हणजे गोल आधी कानांना कळणार, मग डोळ्यांना. चालेल मला.