ती कोण त्याची?

परवा डेक्कन क्वीनमध्ये शेजारच्या काकांनी माझ्या मोबाईलवर अख्खा एपिसोड पाहिला. इयरफोन माझ्या कानात, त्यामुळे त्यांना ऐकू काहीच येत नव्हतं. ती कसर ते मला ढोसून भरून काढत होते.

"कार्टून?"

"ॲनिमे आहे. जपानी."

"ही मुलगी कोण त्याची?"

"कोणी नाही."

काकांनी चष्मा वर सरकवला. "कोणी नाही म्हणजे? त्याच्या घरात जेवण वाढतेय की."

मी सांगितलं. सायू होक्काइदोच्या, म्हणजे जपानच्या पार उत्तरेकडच्या बेटावरच्या घरातून पळून आलेली शाळकरी मुलगी. योशिदा २६ वर्षांचा, आयटीतला. ऑफिसमधल्या वरिष्ठ बाईंनी नकार दिला, पिऊन घरी निघाला, तर ही विजेच्या खांबाखाली बसलेली.

"आणि हा घेऊन आला."

"माणूस चांगला आहे हो काका. तिला हात लावत नाही. राहायच्या बदल्यात फक्त घरकाम कर म्हणतो."

"म्हणजे बिनपगारी मोलकरीण. नाव काय सिनेमाचं?"

'हिगेहिरो' म्हणून सुटलो असतो, पण काकांना अर्थ हवा होता. आता मूळ जपानी नावच 'दाढी करतो. आणि शाळकरी मुलीला उचलून घरी आणतो' अशा थाटाचं, त्याला मी काय करणार? भर डब्यात सांगितलं. समोरच्या बाईंनी आपल्या मुलीला खिडकीकडे सरकवलं. माझ्याकडे बघत. जणू खांबाखाली मीच उभा होतो!

"तिच्या घरी फोन केला?"

"नाही."

"पोलिसांत?"

"नाही."

"किती दिवस?"

"काही महिने."

तेवढ्यात बोगदा आला. बोगदा संपला तरी काका माझ्याचकडे बघत होते. "आपल्याकडे १०९८ लावला की मुलांच्या हेल्पलाइनवाले येतात," ते म्हणाले, आणि नंबर लिहून घ्यायला मला पेनही देऊ केलं. मला! अहो, मी प्रेक्षक आहे.

राग याचा की मालिका मला आवडते. २०२१ साली तेरा भाग एका दमात पाहिले होते, आता दुसऱ्यांदा बघत होतो. सायूच्या घरचं दुखणं, मैत्रिणीची आत्महत्या, हे सगळं नीट हाताळलंय. पण जपानातही अल्पवयीन मुलीला असं ठेवून घेतलं तर अपहरणाचा गुन्हा लागू शकतो, सात वर्षांपर्यंत शिक्षा. लेखकाला त्यावर फार वेळ घालवायचा नाही. तो वेळ ऑफिसमधल्या बायकांना योशिदा किती आवडतो हे दाखवण्यात जातो. नकार देणाऱ्या बाईसुद्धा परत येतात! आमच्या ऑफिसात वेळेवर येणाऱ्या सज्जन माणसाला फक्त जास्तीचं काम मिळतं.

दादरला उतरताना काकांनी खांद्यावर हात ठेवला. "गेली का शेवटी घरी?"

"गेली. तो स्वतः होक्काइदोपर्यंत सोडायला गेला."

"मग पहिल्याच दिवशी तिकीट काढून द्यायचं ना," काका म्हणाले, आणि माझ्या पायावर बॅग ठेवून पुढे सरकले.