‘शब्दांचा कीस कशाला काढता?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. मागच्या पोस्टमध्ये मी ‘विविधतेत एकता’ हा निबंध घेतला होता, आपल्याकडं दहावीची लेकरं पाठ करून जातात तोच नेहमीचा, आणि त्यातले शब्द कसे निवडलेत, त्यातून निबंध खरं काय म्हणतोय ते बघितलं होतं. तुमचं म्हणणं असं की भावना चांगली आहे तर शब्दांचा कीस काढू नये, ‘विविधतेने नटलेल्या’ हे तर प्रतिज्ञेतही आहे, फरक दाखवत बसलं की लेकरांच्या मनात तेढ येते, आणि मराठवाड्यातल्या पोरांना आधी मार्क तर मिळू द्या. मुद्दे कळकळीने लिहिलेत, म्हणून उत्तरही जरा लांब होईल.

पहिलं भावनेचं. भावना चांगली आहे हे मी मागेही लिहिलं होतं. पण निबंधात ती भावना पोचते कशातून, शब्दांतूनच ना? ‘भाषा, धर्म, वेष वेगळे असूनही आपण एक आहोत’ हे वाक्य घ्या. हे ‘असूनही’ आपण कधी वापरतो? अंगात ताप असूनही पेपर दिला, हाताशी पैसा नसूनही पोरीला शिकवलं. म्हणजे आड आलेली गोष्ट सांगायला. मग शीर्षकात विविधतेचा कितीही गौरव असू द्या, वाक्य वाचणाऱ्या लेकराला कुणी न सांगता कळतं की वेगळेपण ही आड आलेली गोष्ट आहे आणि ती ओलांडून आपण कसेबसे एक झालोय. निबंधाची मध्यवर्ती कल्पना शोधायची तर मी शीर्षकाच्या आधी असले जोडणारे शब्द बघतो, कारण लिहिणारा शीर्षक विचार करून देतो आणि हे शब्द सवयीने टाकतो, त्यामुळं त्याच्या मनात काय आहे ते तिथंच सापडतं.

दुसरं वाक्य, ‘आपल्या संस्कृतीने सर्वांना सामावून घेतले’. यातला ‘आपल्या’ कोण आणि ‘सर्वांना’ म्हणजे कोण, एवढंच मी विचारलं होतं, त्यावर तुम्ही रागावलात. पण सर, नांदेडला गुरू गोविंदसिंगजींचा देह १७०८ मध्ये ठेवला गेला, आज तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहणारं शीख घरातलं लेकरू हे वाक्य लिहितं तेव्हा ते यजमान आहे का पाहुणा? वेरूळला एकाच डोंगरात १ ते १२ बौद्ध लेणी, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. तिथं कुणी कुणाला सामावून घेतलं म्हणायचं? ‘शेजारी नांदले’ असं लिहिलं तर वाक्य साधं होतं, खरंही होतं, आणि वर्गातल्या कुठल्याच लेकराला स्वतःच्या गावात पाहुणं व्हावं लागत नाही.

आता ज्या शब्दाबद्दल मला सगळ्यात जास्त वाटतं तो म्हणजे ‘अनेक’. ‘आपल्या देशात अनेक भाषा बोलल्या जातात.’ वाक्यात चूक काहीच नाही. पण आपल्याकडच्या वर्गात बसून बघा. तांड्यावरून येणारी लेकरं घरी गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची लमाणी, बोलतात, देगलूर-बिलोलीकडं तेलुगू-कन्नड कानावर पडतं, कितीतरी घरांत दखनी उर्दू आहे. २०११ च्या जनगणनेत दहा हजारांहून जास्त लोक बोलतात अशा १२१ भाषा मोजल्या, त्यातल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यता दिलेल्या भाषांच्या यादीत, आहेत फक्त २२. आणि लमाणी मातृभाषा सांगणारे ३२ लाखांहून जास्त लोक, ते गणतीत ‘हिंदी’च्या खाली धरलेत! म्हणजे जे लेकरू शाळेत येऊन मराठी शिकतं त्याच्या घरच्या भाषेला ना अनुसूचीत जागा ना गणतीत वेगळं घर, आणि आपण त्याच लेकराकडून ‘अनेक भाषा’ असं लिहून घेतो. त्याला एकदा ‘माझ्या घरी गोरमाटी बोलतात’ असं लिहू द्या, निबंध तिथून सुरू होतो.

प्रतिज्ञेचा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं झालं. ती १९६२ मध्ये पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी लिहिली, मूळ तेलुगूत, आणि माणूस नलगोंडा जिल्ह्यातला. म्हणजे १९५६ पर्यंत आपण आणि ते एकाच हैदराबाद राज्यात होतो, जिथं मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारी भाषा होत्या आणि आपल्याकडच्या कित्येक आजोबांची शाळा उर्दूतून झाली. प्रतिज्ञेत ‘विविधतेने नटलेल्या परंपरांचा मला अभिमान आहे’ हे आहेच, पण ती तिथं थांबत नाही ना! त्या परंपरांचा पाईक होण्याची पात्रता माझ्या अंगी यावी म्हणून मी सदैव प्रयत्न करीन, असं लगेच पुढं आहे. अभिमान सांगून झाला की कामाला लावते. पाठ केलेला निबंध ‘नटलेला’वर थांबतो, सणांची यादी देतो आणि संपतो. शब्द तोच, पण पुढच्या वाक्याने त्याचं वजन बदलतं, आणि मी जो कीस काढतो तो हाच.

राहिली तेढ. फरक बोलून दाखवला की तेढ येते हे मला अजिबात पटत नाही. पैठणच्या एकनाथ महाराजांचा हिंदू-तुर्क संवाद बघा, सोळाव्या शतकातला. दोघं एकमेकांना काय काय बोलतात, देव काढतात, रीतिरिवाज काढतात, आडपडदा काही ठेवत नाहीत, आणि शेवटी समेटावर येतात. नाथांनी भांडण गाळून नुसता समेट लिहिला असता तर त्यावर कुणाचा विश्वास बसला असता? राज्यघटनेच्या उद्देशिकेतही बंधुता ज्याचं आश्वासन देते त्यात आधी ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ येते आणि मग ‘राष्ट्राची एकता आणि एकात्मता’. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो आणि वर्गात मी तो फळ्यावर लिहून दाखवतो.

मार्कांचं म्हणाल तर पेपर तपासणारे आपल्यातलेच शिक्षक असतात हो. ठोकळेबाज वाक्यांच्या गठ्ठ्यात एखाद्या लेकराने स्वतःच्या गावचा उरूस, शेजारचं घर, आजीची भाषा नीट मांडली तर त्याचे मार्क कापणारा शिक्षक कुठला? तुमच्या वर्गात एक करून बघा ना सर, हाच विषय द्या, फक्त ‘असूनही’, ‘सामावून’ आणि ‘अनेक’ हे तीन शब्द वापरायचे नाहीत असं सांगा. जे निबंध येतील त्यातले तुम्हाला आवडलेले मला पाठवा, लेकरांना आणि घरच्यांना विचारून, नावं काढून मी इथंच टाकतो, त्यावर पुढचं बोलू.