तब्येत बिघडवण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

सर्वप्रथम तुमचं अभिनंदन. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासण्या, उपचार सगळं फुकट आहे. (सरकारी मेडिकल कॉलेजं आणि महापालिकेची रुग्णालयं या निर्णयात नाहीत. आपण नेमके कोणाच्या दारात आलो आहोत, हे डोकं फुटलेल्या माणसाने रिक्षात बसल्या बसल्या ओळखायचं.) निर्णय चांगलाच आहे. जे शिल्लकच नाही त्याचे पैसे तरी कोणत्या तोंडाने मागणार? तरीही काही मंडळी तयारी न करता तिथे जातात आणि मग आरडाओरडा करतात. त्यांच्यासाठी या काही सूचना.

आजारी पडायचंच असेल तर सकाळी पडावं. जेवणाच्या सुट्टीनंतरचे आजार उद्यावर जातात.

कुत्रं चावणार असेल तर आधी फोन करून लस आली आहे का, ते विचारावं. फोन कोणी उचलणार नाही, तोवर कुत्र्याला बोलण्यात गुंतवून ठेवावं.

घरात एक तरी धट्टाकट्टा तरुण बाळगावा. स्ट्रेचर तोच ढकलणार आहे. वॉर्डबॉयचं पद मंजूर आहे, भरलेलं नाही. आणि मंजूर व भरलेलं यांच्यामधल्या मोकळ्या जागेलाच आपल्याकडे काटकसर म्हणतात. तरुण उंच असल्यास उत्तम, कारण सलाईनचा स्टँड दुसऱ्या पेशंटकडे गेलेला असतो. फार शिकलेला मात्र नसावा. प्रश्न विचारतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोन चांगल्या कॅमेऱ्याचा घ्यावा. ही चैन नाही, हे वैद्यकीय उपकरण आहे. मागच्या आठवड्यात माझी आत्या न्हाणीत घसरली आणि तिचं मनगट सुजून टम्म झालं. तिला घेऊन सरकारी रुग्णालयात गेलो. एक्स-रे लगेच निघाला, खोटं का बोला. मग टेक्निशियन म्हणाला, "फिल्म नाहीये. स्क्रीनचा फोटो काढून घ्या." त्याच्या आवाजात राग नव्हता की ओशाळलेपणा नव्हता, दिवसभर तेच बोलून बोलून वाक्य गुळगुळीत झालं होतं. मी फोटो काढला. ट्यूबलाइटची तिरीप बरोबर मनगटावर आली आणि दोन हाडांच्या मध्ये माझं अर्धं डोकं. पुन्हा काढला. मागे धोतर नेसलेले एक काका उभे होते, बटणांचा फोन हातात धरून. ते हळूच म्हणाले, "भाऊ, माझ्या पायाचा पण काढता का?" काढला. मग तो दाखवायला त्यांच्यासोबत हाडांच्या ओपीडीत मलाच जावं लागलं, कारण त्यांचा पाय माझ्या फोनमध्ये होता. डॉक्टर पोरसवदा, झोप न झालेला. आत्याचं हाड त्याने दोन बोटांनी मोठं केलं, तेवढ्यात वरून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरचा 'टँकर आला आहे' असा मेसेज त्या हाडावर उतरला. त्याने तो अंगठ्याने सरकवला, फ्रॅक्चर आहे म्हणाला आणि चिठ्ठी लिहिली. प्लास्टरचे रोल, आत गुंडाळायचा कापूस, एक इंजेक्शन. "हे एवढं बाहेरून आणा."

बाहेर म्हणजे फार लांब नाही हं. गेटसमोर. तिथे मेडिकलच्या दुकानांची रांग आहे आणि तिथे सगळं आहे. रोल आहे, कापूस आहे, इंजेक्शन आहे, हातात चिठ्ठी दिसताच "काय, हाताचं का पायाचं?" असं विचारणारा पोरगा आहे. मला एवढंच समजून घ्यायचंय की जो माल दहा बाय बाराच्या गाळ्यात बसलेल्या माणसाला रोजच्या रोज मिळतो, तो राज्य सरकारला का मिळत नाही? औषधखरेदी पूर्वी सरकारच्याच हाफकिन महामंडळाकडे होती. तिथे माल अडतो, निधी पडून राहतो, अशी बोंब झाली. मग २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी वेगळं प्राधिकरण काढलं. कायदा झाला, कार्यालय झालं, अधिकारी नेमले गेले. आणि आत्या हात दुसऱ्या हातात धरून बाकावर बसलीये, मी रस्ता ओलांडून कापूस आणतोय! कापूस! विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ज्याला भाव मिळत नाही, तो कापूस महाराष्ट्र सरकारच्या दवाखान्यात नाही. काका बिचारे चिठ्ठी घेऊन दुकानाच्या पायरीवर उभे होते. नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि दुकानदाराला विचारलं, "यातलं कमी महत्त्वाचं कोणतं?"

योजनेचं कार्ड जवळ असू द्यावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, तेही सगळ्यांना. फक्त आपला आजार पॅकेजच्या यादीत बसेल असा निवडावा आणि ॲडमिट होण्याइतका वाढू द्यावा. बाहेरून आणलेल्या प्लास्टरला, बीपीच्या रोजच्या गोळीला ५ लाखांचा हात लागत नाही. खासगी रुग्णालयाची बिलं भरायला तिजोरीत पैसा निघतो, स्वतःच्या रुग्णालयात फिल्म ठेवायला निघत नाही.

आकडे आवडत असतील तर तेही घेऊन जावेत, रांगेत वेळ जातो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारचा आरोग्यावरचा खर्च जीडीपीच्या २.५ टक्के करू. २०२१-२२ चा राष्ट्रीय आरोग्य लेखा काढून बघा: केंद्र, राज्यं सगळी मिळून १.८४ टक्के. तेही कोरोनाच्या काळात, थाळ्या वाजवून झाल्यावर. त्याच वर्षी देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. त्या धोतरवाल्या काकांनी पायरीवर मोजलेल्या नोटा असल्याच टक्क्यांत जातात. सरकारने वाचवलेला रुपया वाचत बिचत नाही, गेटसमोरच्या गल्ल्यात पडतो. आणि तिथे तो एमआरपीने पडतो. सरकार घाऊक घेतं तेव्हा तीच गोळी किती स्वस्त पडते, हे खरेदीच्या कागदांवरच असतं.

रेफर झालात तर हुज्जत घालू नये. प्रवासाने माणूस बहुश्रुत होतो.

रुग्णालय कोणतं निवडावं हे मात्र सांगता येत नाही. नांदेडच्या सरकारी रुग्णालयात ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ च्या दरम्यान २४ तासांत २४ माणसं गेली. त्यात १२ नवजात बाळं. सरकारने सांगितलं, औषधांचा तुटवडा नव्हता. मग एक खासदार आले आणि त्यांनी कॅमेऱ्यांसमोर रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावला. सफाई कामगारांची भरती करण्यापेक्षा ते नक्कीच स्वस्त पडलं असणार.

बारा बाळं गेली आणि आपण तो झाडूचा व्हिडिओ पाहिला. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी विसरलो.

सरकारला शिव्या घालणं सोपं आहे, मी घातल्याच, आणि त्या त्याला लागतातच. पण इमारती का होतात आणि फिल्म का येत नाही, हे आपल्यालाही चांगलं ठाऊक आहे. इमारतीला ठेकेदार असतो, भूमिपूजन असतं, कोनशिलेवर नाव असतं. रिकाम्या नर्सच्या जागेवर कुणाचं नाव कोरणार? प्रचाराला आलेल्या उमेदवाराकडे आपण सभामंडप मागतो, ओपन जिम मागतो, कमान मागतो. आरोग्य केंद्रात डॉक्टर मागितला कधी? पेशंट दगावला की मात्र सलग ड्युटी करणाऱ्या त्या पोरसवदा डॉक्टरची कॉलर धरायला आपल्या अंगात बळ येतं. त्याने कापूस खाल्लाय का? लाज वाटू द्या जरा. तुमच्या रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती आहे, तिच्यावर कोण बसलंय ते शोधा. फिल्म कधी संपली, मागणीपत्र कधी गेलं, कुणाच्या टेबलावर पडलंय, हे लेखी विचारा. माहितीच्या अधिकाराला १० रुपये लागतात, प्लास्टरच्या रोलपेक्षा कमीच.

आणि तुमच्याकडे कंपनीचं कॅशलेस कार्ड आहे, "सिव्हिलला जातंय कोण?" असं तुम्ही म्हणत असाल, तर एक करा. हायवेवर बेशुद्ध सापडलेल्या माणसाला पहिल्यांदा कुठे नेता, ते १०८ च्या ड्रायव्हरला विचारून या.